एपिस्कोपल बिशपचे दप्तर कसे वाचावे: अभिलेखागारात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

अमेरिकेतला नागरी हक्कांचा लढा, व्हिएतनाम युद्धाला झालेला विरोध, चर्चमध्ये स्त्रियांना मिळालेली दीक्षा, यांपैकी कशावरही काम करणारा विद्यार्थी एक ना एक दिवस एखाद्या एपिस्कोपल बिशपच्या, म्हणजे अँग्लिकन परंपरेतल्या अमेरिकन चर्चच्या बिशपच्या, कागदपत्रांपाशी येऊन थांबतो. १९५० ते १९८० या काळातले काही बिशप मोर्चात चालत होते, वर्तमानपत्रांना पत्रे लिहीत होते आणि त्याच वेळी आपल्या डायोसिसमधल्या, म्हणजे धर्मप्रांतातल्या, सगळ्या चर्चचा कारभार पाहत होते. त्यामुळे त्यांच्या दप्तरात मोर्चाच्या आमंत्रणाशेजारीच एखाद्या चर्चच्या गळक्या छपराचा पत्रव्यवहार असतो. नवखा अभ्यासक आमंत्रणाचा फोटो काढतो आणि छपराचा कागद उलटून पुढे जातो. पण बिशपच्या भूमिकेवर चिडलेली श्रीमंत चर्चमंडळी राग काढत ती वार्षिक वर्गणी थांबवून, आणि त्याची नोंद हिशेबाच्या फोल्डरमध्येच मिळते. म्हणून कागद वाचण्याआधी ते ज्या कार्यालयात तयार झाले ते कार्यालय समजून घ्यायचे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

उदाहरणासाठी मुख्यतः जेम्स पाइक यांचे दप्तर घेतले आहे. पाइक आधी वकील होते. १९५२ ते १९५८ ते न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कॅथीड्रलचे डीन, म्हणजे प्रमुख धर्मगुरू, होते आणि १९५८ ते १९६६ कॅलिफोर्नियाचे बिशप. सप्टेंबर १९६९ मध्ये ज्यूडियाच्या वाळवंटात त्यांचा मृत्यू झाला. पद्धत कळली की पॉल मूर, जॉन हाइन्स किंवा रॉबर्ट डेविट या त्याच काळातल्या बिशपांच्या कागदांनाही तीच लागू पडते.

१. आधी तारखांचा तक्ता करा

एका कागदावर बिशपच्या आयुष्यातल्या नेमणुका महिन्यासह लिहा. पाइक मे १९५८ मध्ये बिशप झाले ते कोअॅडज्युटर म्हणून, म्हणजे गादीचा हक्क असलेले सहबिशप म्हणून. आधीचे बिशप कार्ल ब्लॉक त्याच वर्षी वारले आणि पाइक यांच्याकडे पूर्ण कारभार आला. १९६६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि ते सांता बार्बराच्या एका अभ्यास केंद्रात गेले. त्यांच्या जागी आलेले किल्मर मायर्स हेही सामाजिक प्रश्नांवर ठाम भूमिका घेणारेच होते.

हा तक्ता नसेल तर हमखास फसगत होते. ‘कॅलिफोर्नियाचे बिशप’ असा उल्लेख असलेले १९६७ चे पत्र पाइक यांच्याबद्दल नसून मायर्स यांच्याबद्दल असते. १९५८ च्या उन्हाळ्यातला ‘बिशपांचा निर्णय’ ब्लॉक यांचा असू शकतो. पदनाम आणि तारीख जुळवल्याशिवाय कुठलाही उल्लेख कोणाच्या नावावर टाकू नका.

२. दप्तर एका जागी नसते

पुण्यामुंबईच्या अभ्यासकाला पेशवे दप्तराची सवय असते: एक इमारत, आत रुमालांत बांधलेले कागद. बिशपच्या कागदांचे तसे नाही, कारण कोणता कागद कोणाच्या मालकीचा यावर त्याचे घर ठरते. साधारणपणे तीन घरे धरून चाला.

खासगी कागद, म्हणजे वैयक्तिक पत्रे, प्रवचनांचे खर्डे, पुस्तकांची हस्तलिखिते, कात्रणे आणि व्याख्यानांची आमंत्रणे, बिशप स्वतः किंवा कुटुंबीय एखाद्या विद्यापीठाला देतात. पाइक यांचे असे कागद न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज विद्यापीठाच्या विशेष संग्रहात आहेत. पाइक तिथे पदाधिकारी नव्हते. म्हणून ‘जिथे माणूस राहिला तिथेच कागद’ असे गृहीत धरू नका.

डायोसिसचे कागद, म्हणजे स्टँडिंग कमिटीची (डायोसिसच्या स्थायी समितीची) इतिवृत्ते, पाळकांच्या नेमणुका, चर्चच्या भेटींची नोंदवही आणि हिशेब, ही संस्थेची मालमत्ता असते. बिशप निवृत्त झाला तरी ती मागे राहते. पाइक यांच्या बाबतीत ते घर सॅन फ्रान्सिस्को.

राष्ट्रीय पातळीवरचे कागद, म्हणजे जनरल कन्व्हेन्शन (चर्चचे राष्ट्रीय अधिवेशन), हाउस ऑफ बिशप्स (त्यातले बिशपांचे सभागृह) आणि प्रिसायडिंग बिशपचे (चर्चच्या राष्ट्रीय प्रमुखाचे) कार्यालय यांचे, टेक्सासमधल्या ऑस्टिनला असलेल्या एपिस्कोपल चर्चच्या अभिलेखागाराच्या ताब्यात असतात.

चौथी जागा बहुतेक जण विसरतात. बिशपने पाठवलेले मूळ पत्र त्याच्या दप्तरात नसतेच, ते ज्याला पाठवले त्याच्या दप्तरात असते. बिशपकडे उरते ती कार्बन प्रत. म्हणून महत्त्वाच्या दहा पत्रमित्रांची यादी करा आणि त्यांचे कागद कुठे आहेत तेही शोधा. ‘आर्काइव्हग्रिड’ या ऑनलाइन सूचीत नाव टाकले तर अमेरिकेतले बरेचसे संग्रह एका जागी दिसतात.

मराठी ख्रिस्ती इतिहासावर काम करणाऱ्यांनाही हेच लक्षात ठेवायचे आहे. मुंबई, अहमदनगर, सोलापूर इथे काम केलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या मातृसंस्थेचे कागद हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. ते मिशन एपिस्कोपल नव्हते, काँग्रिगेशनल होते, पण पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा कागद वेगळ्या घरी ही अडचण तिथेही तशीच आहे.

३. सूची नुसती शोधू नका, वाचा

प्रत्येक संग्रहाची एक वर्णनात्मक सूची असते. नवखे लोक त्यात आपल्या विषयाचा शब्द टाकतात, काही सापडले नाही की पान बंद करतात. पण सूची फोल्डरवरच्या मथळ्यांची असते, आतल्या पत्रांची नसते. एका फोल्डरवर ‘जनरल, ए ते सी, १९६३’ एवढेच लिहिलेले असते आणि तुम्हाला हवे ते पत्र नेमके त्यातच असते.

सूचीत आधी आकारमान पाहा. ते बहुधा ‘लिनियर फूट’मध्ये, म्हणजे फळीवर खोकी शेजारी शेजारी ठेवली तर किती फूट जागा लागेल या हिशेबाने दिलेले असते. नेहमीचे करडे खोके ५ इंच रुंद असते, म्हणजे १० फुटांची साधारण २४ खोकी. भरलेल्या खोक्यात ८०० ते १,००० कागद धरले तर १० फूट म्हणजे वीस हजारांच्या आसपास कागद. हे गणित आधी केले की ‘आठवड्यात सगळे वाचून येतो’ असे मार्गदर्शकांना सांगण्याची वेळ येत नाही.

मग विभागांची रचना पाहा. पत्रव्यवहार आडनावाच्या अक्षराने लावला आहे की वर्षाने? संस्थांची पत्रे व्यक्तीच्या नावाखाली आहेत की संस्थेच्या? आणि ही रचना बिशपच्या सचिवाने केलेली आहे की नंतर अभिलेखागाराने? सचिवाची असेल तर ती स्वतःच पुरावा आहे. एखाद्या विषयाला स्वतंत्र फोल्डर कोणत्या वर्षी मिळाला, यावरून तो विषय कार्यालयाला कधीपासून महत्त्वाचा वाटू लागला ते कळते.

ही संक्षेपांची यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण मथळ्यांवर पूर्ण नावे क्वचितच असतात:

- ‘८१५’: न्यूयॉर्कच्या सेकंड अॅव्हेन्यूवरचे चर्चचे मुख्यालय. घरक्रमांकच नाव झाला आहे. ‘८१५ ला विचारा’ म्हणजे प्रिसायडिंग बिशपच्या कार्यालयाला विचारा.
- ‘पीईसीयूएसए’: प्रॉटेस्टंट एपिस्कोपल चर्च, म्हणजे हेच चर्च, जुन्या नावाने.
- ‘एस्क्रू’: वांशिक ऐक्यासाठी १९५९ मध्ये स्थापन झालेली एपिस्कोपल संघटना. १९६१ ची दक्षिणेतली प्रार्थनायात्रा हिने काढली.
- ‘जीसीएसपी’: १९६७ च्या सिएटल कन्व्हेन्शननंतर प्रिसायडिंग बिशप जॉन हाइन्स यांनी सुरू केलेला विशेष कार्यक्रम. गरीब आणि कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या संघटनांना थेट पैसा देण्याची ही योजना होती. वर्गणी थांबवण्याची बरीच पत्रे याच्याशी जोडलेली असतात.
- ‘कोकू’: चर्च-ऐक्याची सल्लामसलत. ४ डिसेंबर १९६० रोजी प्रेसबिटेरियन नेते युजीन कार्सन ब्लेक यांनी पाइक यांच्या ग्रेस कॅथीड्रलमध्ये ऐक्याचा प्रस्ताव मांडला, त्यातून १९६२ मध्ये ही उभी राहिली. त्याच काळात आपल्याकडेही अशी बोलणी चालू होती. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले.

४. जाण्याआधी छापील साहित्य संपवा

अभिलेखागारातला तास महाग असतो, तिथे घरबसल्या मिळणारे वाचत बसू नका. जनरल कन्व्हेन्शनचे ठराव आणि ‘द विटनेस’ या सामाजिक प्रश्नांवरच्या नियतकालिकाचे जुने अंक ऑस्टिनच्या अभिलेखागाराने ऑनलाइन ठेवले आहेत. पेनसिल्व्हेनियाचे बिशप डेविट पुढे याच नियतकालिकाचे संपादक झाले. प्रत्येक डायोसिस दरवर्षी आपल्या अधिवेशनाचे छापील ‘जर्नल’ काढते. त्यात बिशपचे वार्षिक भाषण, त्याने कुठे कुठे भेटी दिल्या त्याची यादी आणि प्रत्येक चर्चची वर्गणी असते. सलग पाच वर्षांची जर्नल्स चाळली की चर्चची नावे, भांडणे आणि माणसे ओळखीची होतात. मग हस्तलिखित पत्रातले अर्धवट आडनावही वाचता येते.

५. अभिलेखपालांना पत्र

किमान तीन ते चार आठवडे आधी ईमेल करा. बरेच संग्रह मुख्य इमारतीत नसतात, बाहेरच्या गोदामातून खोकी आणावी लागतात. पत्रात एवढे हवे: विषय दोन वाक्यांत, संग्रहाचे पूर्ण नाव, सूचीतले खोक्यांचे क्रमांक, येण्याच्या तारखा. शिवाय हे प्रश्न विचारा: यातले कोणते खोके बंद आहे का, स्वतःच्या फोनने फोटो काढता येतात का, ध्वनिफिती असतील तर त्यांची ऐकण्याजोगी प्रत आहे का, आणि अजून सूचीत न आलेले काही कागद आहेत का. हा शेवटचा प्रश्न कधीही गाळू नका. कुटुंबाने नंतर दिलेली भर बऱ्याचदा सूचीत येण्याआधी वर्षानुवर्षे पडून असते.

भारतातूनच काम करणार असाल तर आधी ठरावीक फोल्डरची स्कॅन प्रत किती पैशांत मिळते ते विचारा. ‘पाइक आणि वंशभेद यावरचे सगळे पाठवा’ अशी मागणी कोणीही पूर्ण करू शकत नाही. खोका आणि फोल्डरचा क्रमांक दिलात तर उत्तर येते. न्यूयॉर्क राज्याचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते, त्यामुळे व्हिडिओवर बोलायचे असेल तर आपली संध्याकाळ सोयीची.

६. सोबत काय न्यायचे

फोटो असलेले ओळखपत्र, शक्यतो पासपोर्ट. विद्यापीठाचे पत्र सगळीकडे मागत नाहीत, तरी जवळ ठेवा. दोन शिसपेन्सिली. शाईचे पेन आत नेऊ देत नाहीत. लॅपटॉप, फोन, चार्जर, जास्तीची साठवण. भिंग. पातळ स्वेटर, कारण कागदासाठी खोली थंड ठेवलेली असते. पिशव्या, पाण्याची बाटली, कोट हे सगळे बाहेरच्या कपाटात जाते.

कागदासाठी हातमोजे लागत नाहीत, स्वच्छ कोरडे हात पुरतात. फोटोंसाठी मोजे देतात ते घाला. हाताला क्रीम लावून जाऊ नका.

एका वेळी टेबलावर एकच खोके, खोक्यातून एकच फोल्डर. फोल्डर काढला तिथे खुणेचे जाड कार्ड ठेवायचे. कागद फोल्डरमध्ये ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने ठेवा, तारीख चुकीच्या जागी दिसली तरी. क्रम चुकला आहे असे वाटले तर अभिलेखपालांना दाखवा, स्वतः लावू नका. टाचणी गंजलेली असेल तर तीही त्यांनाच काढू द्या.

७. पहिल्या दिवशी काय मागवायचे

सगळ्यात गाजलेला फोल्डर आधी मागवायचा मोह होतो. त्याऐवजी एका वर्षाची भेटींची डायरी आणि त्याच वर्षाची कार्बन प्रतींची तारखेनुसार लावलेली फाइल, असेल तर, मागवा. दोन्ही शेजारी ठेवून एक महिना वाचा. बिशप रोज किती पत्रे लिहितो, कोणत्या दिवशी शहराबाहेर असतो, त्याच्या गैरहजेरीत कोण उत्तर देते, हे एका सकाळीत लक्षात येते. यानंतर गाजलेला फोल्डर उघडलात तर त्यातले काय नेहमीचे आणि काय अपवादाचे ते दिसते.

तिसरा फोल्डर सर्वसामान्य लोकांच्या पत्रांचा घ्या. प्रसिद्ध बिशपला शेकडो अनोळखी माणसे लिहीत. बऱ्याच कार्यालयांत या पत्रांचे ‘अनुकूल’ आणि ‘प्रतिकूल’ असे दोन गठ्ठे असत. प्रतिकूल गठ्ठ्यात शिवीगाळ आणि उघड वंशद्वेष असतो, त्यासाठी मनाची तयारी ठेवा. तरी तो वाचाच. चर्चमधल्या सामान्य माणसाला त्या वेळी काय वाटत होते हे ठरावांतून कळत नाही, या पत्रांतून कळते. पत्रावरचा गावाचा शिक्का आणि तारीख नोंदवा. वर्तमानपत्रात बातमी आल्यावर किती दिवसांत आणि कुठून पत्रे आली याचा साधा तक्तासुद्धा पुष्कळ सांगून जातो.

८. एक कार्बन प्रत जवळून

पातळ, कुरकुरीत, जवळजवळ पारदर्शक कागद. वर कार्यालयाचे नाव नाही, खाली सही नाही, अक्षरांच्या कडा किंचित पसरलेल्या. ही कार्बन प्रत, आणि बिशपच्या दप्तरातला मोठा भाग असाच असतो. ती खालून वर वाचायची.

तळाशी डाव्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत एक संक्षेप आणि पुढे लहान अक्षरांत दुसरा असतो. मोठा संक्षेप ज्याने मजकूर सांगितला त्याचा, लहान टंकलेखकाचा. पाइक यांच्या नावाने गेलेल्या पत्राखाली ‘जेएपी’ असेल तर ते त्यांनी सांगितलेले समजावे. दुसऱ्याच कोणाचा संक्षेप असेल तर मजकूर सहायकाचा असू शकतो. हे दोन संक्षेप न पाहता ‘बिशप लिहितात’ असे प्रबंधात लिहिणे धोक्याचे आहे.

त्याखाली ‘सीसी’, म्हणजे प्रती कोणाकोणाला गेल्या. आणि कधी कधी ‘बीसीसी’. ही नोंद मूळ पत्रावर नसते, फक्त कार्बन प्रतीवर टंकलेली असते, कारण ज्याला पत्र गेले त्याला ती दिसू नये हाच हेतू. बिशपने गुपचूप कोणाला विश्वासात घेतले ते कळायला याहून चांगला पुरावा नाही. मूळ पत्र दुसऱ्या संग्रहात मिळाले तरी कार्बन प्रत पाहायची ती यासाठी.

मग वर या. आलेल्या पत्रावर सही कशी आहे? बिशप नावाआधी क्रॉसचे छोटे चिन्ह काढतात. इंग्लंडचे बिशप आडनाव न लिहिता आपल्या पीठाचे लॅटिन नाव लिहितात: ‘मायकेल कँटुआर’ म्हणजे कँटरबरीचे आर्चबिशप मायकेल रॅमसी. सूचीत ते आर खाली असतील, पत्रावर ‘रॅमसी’ हा शब्दच नसेल. पत्त्यातली बिरुदेही माणसाची जागा सांगतात: ‘राइट रेव्हरंड’ बिशप, ‘व्हेरी रेव्हरंड’ डीन, ‘व्हेनरेबल’ आर्चडीकन, ‘मोस्ट रेव्हरंड’ प्रिसायडिंग बिशप.

तपकिरी पडलेला, जळल्यासारखा दिसणारा कागद थर्मोफॅक्सची, म्हणजे उष्णतेने प्रती काढणाऱ्या जुन्या यंत्राची, प्रत असतो. तो उजेडात आणि उष्णतेत आणखी काळवंडतो. त्याचा फोटो लगेच काढा, दिव्याखाली फार वेळ ठेवू नका.

आणि खासगी वाटणारे प्रत्येक पत्र खासगी नसते. १९५३ मध्ये सिवानी इथल्या युनिव्हर्सिटी ऑफ द साउथने देऊ केलेली मानद पदवी पाइक यांनी तिथल्या वंशभेदामुळे नाकारली. ते नकाराचे पत्र वर्तमानपत्रांतून देशभर गेले. अशा पत्राचा वाचक विद्यापीठाचा प्रमुख नसून जनता आहे, हे धरून भाषा वाचावी लागते. प्रत किती वृत्तसंस्थांना गेली ते पाहा.

९. तारखा: सगळ्यात मोठा सापळा

अमेरिकेत महिना आधी लिहितात. ९/१/६३ म्हणजे १ सप्टेंबर, ९ जानेवारी नव्हे. दिवस बारापर्यंत असला की चूक लक्षातही येत नाही. वहीत नोंदवताना महिना नेहमी अक्षरांत लिहा.

प्रवचनांवर तर बऱ्याचदा तारीखच नसते. चर्चच्या पंचांगातला रविवार असतो: ‘ट्रिनिटी १२’, ‘लेंट ३’ (लेंट म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ). आपल्याकडे जुन्या पत्रावर ‘श्रावण वद्य पंचमी’ असते तसेच हे. उलगडायची रीत सोपी आहे. त्या वर्षीचा ईस्टर शोधा. त्यानंतर आठ आठवड्यांनी ट्रिनिटीचा, म्हणजे त्रैक्याचा रविवार येतो. तिथून पुढचे रविवार मोजा.

एक करून पाहू. प्रवचनावर ‘ट्रिनिटी १२, १९६३’ आहे. १९६३ चा ईस्टर १४ एप्रिलला होता. आठ आठवडे पुढे, ९ जून, ट्रिनिटीचा रविवार. तिथून बारा आठवडे, १ सप्टेंबर. मार्टिन ल्यूथर किंग यांचा वॉशिंग्टन मोर्चा २८ ऑगस्टचा. म्हणजे बिनतारखेचे वाटणारे हे प्रवचन मोर्चानंतरच्या पहिल्याच रविवारचे ठरते, आणि त्यातली प्रत्येक ओळ वेगळी दिसू लागते.

ही मोजणी १९२८ च्या प्रार्थनापुस्तकाची. १९७९ च्या पुस्तकाने रविवार पेंटेकॉस्टपासून, म्हणजे ट्रिनिटीच्या आदल्या रविवारपासून, मोजायला घेतले, त्यामुळे आकडा एकाने वाढतो: जुना ‘ट्रिनिटी १२’ म्हणजे नवा ‘पेंटेकॉस्ट १३’. १९७० च्या दशकात प्रायोगिक पुस्तके चालू होती आणि कोणते चर्च काय वापरते याचा नेम नव्हता. त्या दशकातल्या प्रवचनाची तारीख डायरीशी ताडून पाहिल्याशिवाय पक्की धरू नका.

आणखी एक: तेच प्रवचन बिशप चार चर्चमध्ये देतो. खर्ड्याच्या मागे पेन्सिलीने ठिकाणे आणि तारखा लिहिलेल्या असतात. पान उलटून पाहा.

१०. चर्चच्या कायद्यातले शब्द जपून वापरा

‘पाइक यांच्यावर पाखंडाचा खटला चालला’ असे सर्रास लिहिले जाते. खटला चालला नाही. आरोप अनेकदा झाले. ऑक्टोबर १९६६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंग इथे हाउस ऑफ बिशप्सने खटला टाळून निषेधाचे निवेदन संमत केले. मग पाइक यांनीच औपचारिक चौकशीची मागणी केली आणि १९६७ मध्ये बिशप स्टीफन बेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालानंतर प्रकरण मिटले. आरोप, निषेध, चौकशी, खटला या चार वेगळ्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीचे कागद वेगळ्या फोल्डरमध्ये, कधी वेगळ्या शहरात असतात.

तसेच दीक्षेचे. २९ जुलै १९७४ रोजी फिलाडेल्फियाच्या चर्च ऑफ द अॅडव्होकेटमध्ये अकरा स्त्रियांना प्रीस्टची दीक्षा मिळाली. ती देणारे बिशप डॅनियल कॉरिगन, रॉबर्ट डेविट आणि एडवर्ड वेल्स. पुढच्या पत्रव्यवहारात कोणी तिला ‘अनियमित’ म्हणतो, कोणी ‘अवैध’. अनियमित म्हणणारा मान्य करतो की दीक्षा झाली, फक्त रीत चुकली. अवैध म्हणणाऱ्याच्या मते काही घडलेच नाही. सप्टेंबर १९७६ मध्ये मिनियापोलिसच्या कन्व्हेन्शनने स्त्रियांच्या दीक्षेला मान्यता दिली. तोवरच्या दोन वर्षांत एखाद्या बिशपने यांपैकी कोणता शब्द कधी वापरला याची तारीखवार यादी केलीत, तर त्याच्या भूमिकेतला बदल बोट ठेवून दाखवता येतो. भाषांतर करताना दोन्हीला ‘बेकायदा’ म्हटले की हा सगळा पुरावा पुसला जातो.

११. बंद फोल्डर आणि दुसऱ्यांची दुःखे

घटस्फोटितांना चर्चमध्ये पुन्हा लग्न करायचे तर बिशपची परवानगी लागे. म्हणून बिशपच्या दप्तरात अनोळखी जोडप्यांच्या संसाराची सविस्तर हकिगत असते. पाळकांची व्यसने, आजारपण, शिस्तभंगाची प्रकरणे आणि युद्धात जायला नकार देणाऱ्या तरुणांची पत्रेही असतात. यातले बरेच काही ठरावीक वर्षांसाठी बंद ठेवतात. बंद फोल्डर कधी उघडणार ते विचारा, वाद घालू नका.

कधी कधी असा कागद चुकून खुल्या फोल्डरमध्ये राहतो. तो सापडला तर फोटो काढू नका, अभिलेखपालांना सांगा. खुला असला तरी ज्यांनी हे लिहिले त्यांनी ते एका धर्मगुरूला विश्वासाने लिहिले होते. संख्या आणि प्रवृत्ती सांगा. नाव, गाव, चर्च सांगू नका.

१२. फोटो आणि नोंदी

प्रत्येक फोल्डरचा पहिला फोटो त्याच्या मथळ्याचा. मग एका चिठ्ठीवर खोका आणि फोल्डर क्रमांक लिहून ती प्रत्येक कागदाच्या कडेला, मजकूर न झाकता, ठेवून फोटो काढा. हा कंटाळा केलात तर घरी सहाशे अनाथ कागद उरतात. फोनचे फोटो जेपीजी स्वरूपात ठेवा, फ्लॅश बंद. पत्राची मागची बाजू कोरी असली तरी टाचलेला लिफाफा घ्या, त्यावरच्या टपाल-शिक्क्यात कधी कधी एकमेव तारीख असते.

दिवसाला पाचशे-सहाशे फोटो होतात. शेवटची चाळीस मिनिटे फोटो काढू नका. त्या दिवशीच्या फाइलींना ‘खोका-फोल्डर’ असे नाव द्या, दोन ठिकाणी साठवा आणि फोल्डरमागे तीन ओळी लिहा: काय मिळाले, काय मिळायला हवे होते पण नाही, पुढे कोणते नाव शोधायचे.

१३. संदर्भ आणि परवानगी

संदर्भ या क्रमाने: कोणाकडून कोणाला, तारीख, खोका, फोल्डर, संग्रहाचे नाव, संस्था. उदाहरणार्थ शेवटचा भाग ‘जेम्स ए. पाइक पेपर्स, विशेष संग्रह संशोधन केंद्र, सिरॅक्यूज विद्यापीठ ग्रंथालये’ असा. संस्था स्वतःचा नमुना देत असेल तर तोच वापरा.

कागद अभिलेखागाराच्या मालकीचा असला तरी मजकुराचा हक्क बहुधा लिहिणाऱ्याच्या वारसांकडे असतो. अमेरिकेत अप्रकाशित लेखनाला लेखकाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षे कॉपीराइट असतो. पाइक १९६९ मध्ये वारले, म्हणून त्यांची अप्रकाशित पत्रे २०३९ संपेपर्यंत संरक्षित. पॉल मूर २००३ मध्ये वारले, त्यांची २०७३ संपेपर्यंत. पाइक यांच्या दप्तरातले मार्टिन ल्यूथर किंग किंवा रॅमसी यांचे पत्र मात्र पाइक यांच्या वारसांच्या हातात नाही, त्याची परवानगी त्या त्या लेखकाच्या वारसांकडे मागायची.

प्रबंधात चार-दोन ओळी उद्धृत करायला सहसा अडचण येत नाही. पूर्ण पत्र छापायचे किंवा संपूर्ण मराठी अनुवाद प्रसिद्ध करायचा तर लेखी परवानगी हवी. अनुवादालाही ती लागते, हे आपल्याकडे बऱ्याचदा विसरले जाते. वारस कोण ते अभिलेखागाराला विचारा, पत्र पाठवा आणि उत्तरासाठी निदान तीन महिने हातात ठेवा.